पेशी वाचण्याचे शिक्षण : अमरावती-अकोल्यातून सायटोटेक्नॉलॉजीकडे

सायटोटेक्नॉलॉजी म्हणजे शरीरातून सुट्या मिळालेल्या पेशी काचपट्टीवर पसरून, टिकवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याची विद्या. बायोप्सीत ऊतीचा तुकडा कापून घेतात. त्यात पेशी एकमेकींना धरून आपापल्या जागी बसलेल्या दिसतात. सायटोलॉजीत पेशी एकटीदुकटी भेटते. घराबाहेर पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या घरातले दुखणे ओळखावे, तसे तिच्या केंद्रकावरून आणि आकारावरून ती कुठून आली व तिथे काय बिघडले आहे, हे सांगायचे असते. हे काम करणाऱ्याला सायटोटेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. रुग्णाला तो सहसा दिसत नाही आणि पुष्कळदा त्याचे नावही अहवालावर नसते.

पेशी दोन वाटांनी मिळतात. काही आपोआप गळतात किंवा हलके खरवडून घेता येतात : गर्भपिशवीच्या तोंडावरच्या, तोंडातल्या गालाच्या आतल्या बाजूच्या, थुंकीतल्या, लघवीतल्या, छातीत किंवा पोटात साठलेल्या पाण्यातल्या. काही मिळवण्यासाठी गाठीत बारीक सुई घालावी लागते. या दुसऱ्या प्रकाराला वैद्यकात एफएनएसी म्हणतात आणि बोलण्यात ‘सुईची तपासणी’. मानेतली गाठ क्षयाची की कर्करोगाची, थायरॉइडची सूज साधी की संशयास्पद, स्तनातली गाठ काढायची की नुसती लक्षात ठेवायची, या प्रश्नांचे पहिले उत्तर बहुधा या सुईतूनच येते. चिरा लागत नाही, टाका पडत नाही आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. अमरावतीत इर्विन आणि डफरीन या नावांनी ओळखली जाणारी जिल्हा रुग्णालये, अकोल्यातले सर्वोपचार आणि लेडी हार्डिंग यांचा पसारा खेड्यापाड्यांतून येणाऱ्या माणसांवर उभा आहे. एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसासाठी स्वस्त आणि लवकर होणारी तपासणी फार मोलाची असते. विदर्भात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने बिघडलेली तोंडे इतकी आहेत, की तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा खरवडून पाहणे हाही या विद्येतला महत्त्वाचा भाग ठरतो. चट्टा संशयास्पद वाटला तर पुढे बायोप्सी करावीच लागते. खरवडलेल्या पेशींवर तिथे अखेरचा निकाल देत नाहीत.

या विद्येचा उगम एका प्राणिशास्त्रज्ञाच्या सवयीत आहे. ग्रीसमध्ये १८८३ साली जन्मलेले जॉर्ज पापानिकोलाऊ न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगांच्या ऋतुचक्राचा अभ्यास करत होते. योनीतल्या स्रावातल्या पेशी रोज पाहून चक्राचा टप्पा ओळखता येतो, हे त्यांनी सहकारी स्टॉकार्ड यांच्यासह १९१७ मध्ये मांडले. पुढे स्त्रियांच्या स्रावाकडे वळल्यावर त्यांना त्यात कर्करोगाच्या पेशी दिसल्या. १९२८ मध्ये त्यांनी हे जाहीर केले, तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे असेच काम केले होते. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबर पापानिकोलाऊंनी १९४१ मध्ये शोधनिबंध आणि १९४३ मध्ये चित्रांसह पुस्तक काढले, तेव्हा कुठे जग वळले. ‘पॅप’ हे त्यांच्याच नावाचे लहान रूप. गाठीत सुई घालण्याचे तंत्र १९५०च्या दशकापासून स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का रुग्णालयाने पुढे नेले. भारतात सायटोलॉजिस्टांची अकादमी १९७० मध्ये स्थापन झाली.

गिनीपिगांची गोष्ट वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याला परकी वाटू नये. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, आणि कुत्रीच्या माजाचा टप्पा योनीतल्या पेशींवरून ओळखणे हा पशुवैद्यकातल्या प्रजननशास्त्राचा आजही नेहमीचा धडा आहे. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेतलेल्या मुलामुलींनीही कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून, काचेवर दाबून पेशीविभाजन पाहिलेले असते. गालाच्या आतला भाग खरवडून स्वतःच्याच पेशी पाहिल्या असतील, तर सायटोलॉजीचा पहिला धडा नकळत होऊन गेला आहे.

शिक्षणाची सुरुवात वाचनाने होत नाही. ती होते स्लाइड तयार करण्याने. हे काम साधे वाटते आणि तिथेच सर्वाधिक चुका होतात. पॅपच्या स्लाइडवर नमुना पसरला, की काही सेकंदांत ती ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. जरा उशीर झाला की पेशी हवेत वाळतात, केंद्रके फुगतात, त्यांच्या कडा धूसर होतात आणि निरोगी पेशीही संशयास्पद दिसू लागते. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तशा कोरड्या हवेत, पंख्याखाली, ही काही सेकंदांची मुदत आणखी आक्रसते. म्हणून अल्कोहोलची बाटली रुग्णाच्या टेबलाशेजारी आणि झाकण उघडून ठेवलेली हवी, पण काम संपताच झाकण लागायला हवे. नाहीतर अल्कोहोल उडून जाते आणि उरलेल्याची तीव्रता घटते. हे बारकावे पुस्तकात एका ओळीत असतात. वऱ्हाडातल्या मे महिन्यात त्या एका ओळीवर अहवालाचा खरेखोटेपणा ठरतो.

सुईच्या तपासणीत उलट शिस्त आहे. तिथे काही स्लाइड मुद्दाम हवेत वाळवतात, कारण गीम्सा जातीचे रंग वाळलेल्या पेशींवरच चांगले चढतात. काही स्लाइड ओल्या असतानाच अल्कोहोलमध्ये जातात आणि त्यांना पॅपचा रंग दिला जातो. दोन्ही रंग एकमेकांचे उणे भरून काढतात. पॅपमध्ये केंद्रकातले तपशील उमटतात; गीम्सात पेशीद्रव आणि पेशींभोवतीचा पदार्थ. क्षयाची शंका असेल तर एक स्लाइड झील-नील्सन रंगासाठी बाजूला काढतात, म्हणजे जंतू लाल दिसतात. कोणती स्लाइड कशासाठी, हे सुई बाहेर आल्या क्षणी ठरवावे लागते. मागे वळून दुरुस्ती करायला वाव नसतो. पुन्हा सुई टोचणे एवढाच मार्ग उरतो. म्हणून डॉक्टर सुई घालत असताना शेजारी उभा असलेला प्रशिक्षित तंत्रज्ञ तपासणीचा निम्मा भार उचलतो.

पॅपच्या रंगप्रक्रियेत हीमॅटॉक्सिलिन केंद्रकाला रंग देते, ऑरेंज-जी हा नारिंगी रंग केराटिन असलेल्या पेशींना चढतो आणि ईए हे मिश्रण बाकी पेशींना गुलाबी किंवा निळसर हिरवे करते. हीमॅटॉक्सिलिननंतर केंद्रके लालसर जांभळी असतात. ती अल्कधर्मी पाण्यात निळी होतात. या पायरीला ‘ब्लूइंग’ म्हणतात आणि पुष्कळ प्रयोगशाळांत ती नळाच्या पाण्यावरच भागवतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याच्या भरवशावर हे करू नये. क्षार आणि आम्लता जागोजागी बदलतात, मग आज निळे आलेले केंद्रक उद्या मळकट येते. अशा ठिकाणी ऊर्ध्वपातित पाण्यात बनवलेले स्कॉटचे अल्कधर्मी द्रावण वापरणे शहाणपणाचे. रंग रोज सारखा आला, तरच डोळ्याला फरक कळतो. त्यामुळे रंगाची बरणी रोज गाळणे, तारीख लिहिणे, दर खेपेला एक माहितीतली स्लाइड सोबत रंगवून पाहणे ही कामे अभ्यासक्रमात परीक्षेच्या गुणांइतकीच महत्त्वाची मानली पाहिजेत.

यानंतर येते ते खरे वाचन. याला ‘स्क्रीनिंग’ म्हणतात. दहा पट वस्तुभिंगाखाली स्लाइड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायची, थोडी खाली घ्यायची आणि उलट दिशेने परत यायचे. वखर धुऱ्यापाशी वळतो आणि लागूनच्या तासाने परततो, तसेच. दोन तासांमध्ये पड राहिली तर तण तिथेच वाढते. दोन दृश्यक्षेत्रांमध्ये फट राहिली तर रोगाची पेशी तिथेच सुटते. म्हणून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढलेली असावी लागते. साध्या पॅप स्लाइडवर समाधानकारक नमुना म्हणायला किमान ८,००० ते १२,००० पेशी दिसाव्यात, द्रवातून बनवलेल्या स्लाइडवर ५,००० तरी. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त असतात, आणि बिघडलेल्या पेशी मूठभरही नसू शकतात. संशयाची पेशी सापडली की तिच्याशेजारी शाईचा ठिपका द्यायचा आणि चाळीस पट भिंगाखाली नीट बघायचे. पॅथॉलॉजिस्ट नंतर त्या ठिपक्यांवरूनच स्लाइड तपासतो.

ठिपका कुठे द्यायचा, हे शिकायला वर्ष लागते. विद्यार्थी आधी निरोगी पेशींत रमतो. पृष्ठभागावरच्या पेशी मोठ्या आणि पसरट, केंद्रक टिंबाएवढे. मधल्या थरातल्या पेशींचे केंद्रक जरा मोठे आणि आत जाळी दिसणारे. तळाजवळच्या पेशी लहान, गोल. मधल्या थरातले केंद्रक हेच पुढचे माप ठरते, साधारण ३५ चौरस मायक्रॉन. त्याच्या तिपटीहून मोठे, गडद, कडा वाकडीतिकडी झालेले केंद्रक दिसले की सौम्य बदलाची शंका येते. केंद्रकाभोवती कोरीव पोकळी आणि बाहेर जाड कडा असलेली पेशी कॉइलोसाइट म्हणून ओळखतात. ती एचपीव्ही या विषाणूची खूण. पेशी लहान होत जाऊन केंद्रकानेच जवळजवळ सारी जागा व्यापली, तर बदल तीव्र. विचित्र गोष्ट अशी की मोठी, ठसठशीत पेशी बहुधा सौम्य बदलाची असते. सुटून जाते ती तीव्र बदलाची लहानशी, एकटी, गडद पेशी. सायटोलॉजीतल्या बऱ्याच दुःखद चुका या लहान पेशीच्या आहेत. शिवाय पाळी थांबलेल्या स्त्रीच्या कोमेजलेल्या पेशी, जंतुसंसर्गाने सुजलेल्या पेशी आणि गर्भारपणातल्या पेशी या सगळ्या रोगाचे सोंग घेऊ शकतात. त्या ओळखायच्या तर वय, शेवटची पाळी, गर्भपिशवी काढली आहे का, हे चिठ्ठीवर लिहिलेले लागते. रिकामी चिठ्ठी आली तर फोन करून विचारणे, हेही तंत्रज्ञाचेच काम.

जे दिसले ते कोणत्या शब्दांत लिहावे, यासाठी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे एक पद्धत ठरली. तिच्या सुधारणा १९९१, २००१ आणि २०१४ मध्ये झाल्या. जुनी ‘क्लास १ ते ५’ ही गटवारी तिने मागे टाकली. थायरॉइडच्या सुईसाठीही बेथेस्डाच्याच नावाची सहा गटांची पद्धत आहे, लघवीसाठी पॅरिसची, लाळग्रंथींसाठी मिलानची. गावांची ही नावे विद्यार्थ्याला पाठ असावी लागतात, कारण अकोल्याचा अहवाल मुंबईच्या टाटा रुग्णालयात किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात उघडला गेला, तर त्या भाषेमुळेच तो तिथे पहिल्या वाचनात कळतो.

अहवालावर सही मात्र सायटोटेक्नॉलॉजिस्टची नसते. प्रयोगशाळेच्या अहवालावर पदव्युत्तर पॅथॉलॉजी शिकलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. अमेरिकेत निर्दोष पॅप स्लाइडचा निकाल सायटोटेक्नॉलॉजिस्ट स्वतः देऊ शकतो; भारतात तो पहिला वाचक असतो, शेवटचा नाही. पण पहिल्या वाचकाने ठिपका दिला नाही, तर शेवटचा वाचक तिथे पोचेलच असे नाही. हे अमेरिका फार महागात शिकली. तिथे स्लाइडमागे पैसे मिळत असल्याने तंत्रज्ञ रात्रंदिवस, घरी नेऊनसुद्धा स्लाइड पाहत आणि कर्करोग सुटत, हे वॉल स्ट्रीट जर्नलने १९८७ मध्ये उघड केले. त्या बातमीदारीला पुलित्झर मिळाले. १९८८ च्या कायद्याने मग चोवीस तासांत एका माणसाने १०० हून जास्त स्लाइड पाहू नयेत अशी मर्यादा घातली आणि निर्दोष ठरवलेल्यांपैकी किमान १० टक्के स्लाइड दुसऱ्याने पुन्हा पाहाव्यात असा नियम केला. १०० हे कमाल आहे, उद्दिष्ट नाही. वऱ्हाडातल्या एखाद्या प्रयोगशाळेत नोकरी धरणाऱ्याने ही संख्या मनात कोरून ठेवावी.

आता प्रश्न शिकायचे कुठे. अमरावती विभागातला विद्यार्थी या विषयाकडे सहसा थेट येत नाही. तो प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या दारातून येतो. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेतलेल्यांसाठी नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाची बी.पी.एम.टी. ही पदवी आहे : तीन वर्षांचा अभ्यास आणि त्यानंतर इंटर्नशिप. दुसरी वाट संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून बी.एस्सी. करून मग प्रयोगशाळा तंत्राची पदविका घेण्याची. हे विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. डीएमएलटी हा शब्द वऱ्हाडात घराघरांत माहीत आहे. पण डीएमएलटीत रक्त, लघवी, जीवरसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्रच बहुतेक वेळ खातात. सायटोलॉजीला त्यात एक लहान कोपरा मिळतो आणि त्या कोपऱ्यावर कोणी स्क्रीनर होत नाही. म्हणून त्यापुढचे विशेष प्रशिक्षण घ्यावेच लागते. नोएडातली कर्करोग प्रतिबंधाची केंद्रीय संस्था आणि तिरुवनंतपुरमचे प्रादेशिक कर्करोग केंद्र या ठिकाणी खास सायटोलॉजीचे प्रशिक्षण चालत आले आहे. सायटोलॉजिस्टांची अकादमी सायटोटेक्निशियन आणि सायटोटेक्नॉलॉजिस्ट यांच्यासाठी स्वतंत्र परीक्षा घेते. टेक्निशियनच्या परीक्षेत स्लाइड तयार करण्यावर भर असतो, टेक्नॉलॉजिस्टच्या परीक्षेत वाचण्यावर. दोन्हींत फरक आहे, आणि जाहिरात वाचताना तो पाहायला हवा.

कायद्यानेही अलीकडे या कामाला नाव दिले. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात वैद्यकीय प्रयोगशाळेच्या गटात ‘सायटोटेक्नॉलॉजिस्ट’ असा स्वतंत्र उल्लेख आहे. त्या कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण सांगितले आहे. सहा महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या फलकांसमोर उभे राहताना हे तास आठवावेत.

शिकायला स्लाइड लागतात, आणि स्लाइड मिळतात गर्दीच्या रुग्णालयात. त्या दृष्टीने अमरावती-अकोल्याची जमीन कसदार आहे. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे, अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ चे, आणि अमरावतीत २०२४ मध्ये शासकीय महाविद्यालयही सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी विभाग असतोच, आणि पॅथॉलॉजी विभागात रोज सुईच्या तपासणीचे रुग्ण येतात. पदव्युत्तर डॉक्टर जिथे शिकतात तिथे सायटोटेक्नॉलॉजीचा विद्यार्थी शेजारी बसून शिकू शकतो. वेगळी इमारत लागत नाही, लागतात दोन माणसांना एकाच वेळी पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक आणि शिकवणारा. हा अभ्यासक्रम वऱ्हाडात उभा करणे अवघड नाही. तो उभा व्हायला हवा.

गरज जुनीच आहे. कर्करोग, मधुमेह, हृदयरोग यांच्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये देशातल्या १०० जिल्ह्यांपासून सुरू झाला, त्यांत अमरावती आणि वाशीम होते. त्या कार्यक्रमाच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयासाठी सायटोपॅथॉलॉजिस्ट आणि सायटोपॅथॉलॉजी टेक्निशियन अशी पदे मांडलेली होती. पुढे २०१६ च्या मार्गदर्शनात गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी व्हीआयए ही पद्धत धरली गेली : आम्ल द्रावण लावून डोळ्यांनी पाहणे. ती नर्सला शिकवता येते, स्लाइड लागत नाही, निकाल तिथल्या तिथे मिळतो. सायटोलॉजी शिकायला निघालेल्याने हे नीट समजून घ्यावे. खेड्यातल्या प्रत्येक बाईची पॅप स्लाइड पाहायची, असे धोरण देशात नाही.

याबाबत सर्वांत मोठा पुरावा मराठवाड्यातूनच आला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना चार गटांत विभागून अभ्यास झाला. काहींची एचपीव्ही तपासणी, काहींची पॅप, काहींची व्हीआयए आणि एका गटाला नेहमीची सेवा. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि टाटा रुग्णालय यात होते. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या गटातले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, पॅप आणि व्हीआयएच्या गटांत तसा ठळक फरक आढळला नाही. जगभरचे धोरण त्यानंतर याच दिशेने वळले. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये आणि इंग्लंडने २०१९ मध्ये पहिली तपासणी एचपीव्हीची केली. मग पॅप स्लाइड फक्त विषाणू सापडलेल्या स्त्रियांची पाहायची राहिली आणि तिथल्या सायटोलॉजी प्रयोगशाळांची संख्या घटली.

यावरून हा पेशा संपत चालला असे म्हणणे चुकीचे ठरेल, आणि फक्त पॅपवर पोट भरेल असे म्हणणेही. भारतात २०२२ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू असा जागतिक कर्करोग नोंदींचा अंदाज आहे. पुण्याच्या सीरम संस्थेची लस २०२३ मध्ये आली असली, तरी आज तीस-चाळिशीत असलेल्या स्त्रियांना तपासणीच लागणार. विषाणू सापडल्यावर पुढे कुणाला पाठवायचे, हे ठरवायला स्लाइड पाहावी लागतेच. थायरॉइड, स्तन, लसीकाग्रंथी, छातीतले आणि पोटातले पाणी यांचे काम तर वाढतेच आहे, कारण रुग्णाला चिरा नको असतो. सुईतून आलेल्या उरल्यासुरल्या पेशींचा गोळा करून ‘सेल ब्लॉक’ बनवला, की त्यावर कर्करोगाच्या जनुकांच्या तपासण्याही करता येतात. हे काम ज्याला जमते, त्याच्यासाठी मोठ्या शहरातली दारे उघडतात. यंत्रेही आली आहेत. स्लाइडची डिजिटल प्रतिमा घेऊन संशयास्पद पेशींची चित्रे पुढे मांडणाऱ्या प्रणाली अमेरिकेत मान्य झाल्या. पण वाळलेल्या, जाड पसरलेल्या, वाईट रंगवलेल्या स्लाइडची प्रतिमा यंत्रालाही वाईटच मिळते. अकोल्याच्या मे महिन्यात स्लाइड वेळेत बुडवणारा हात यंत्राच्या आधी लागतो.

हा अभ्यास कोणाला पेलतो, याचे उत्तर गुणपत्रिकेत सापडत नाही. दिवसाचे पाच-सहा तास सूक्ष्मदर्शकावर बसणे मानेला आणि पाठीला जड जाते. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणाऱ्याने प्रवेशाआधी डोळे तपासून घ्यावेत. रंगकामात लागणाऱ्या झायलीन या द्रावकाचा वास आणि तो काढून टाकणारी खेळती हवा हा आरोग्याचा प्रश्न आहे. एक्झॉस्ट नसलेल्या खोलीत वर्षानुवर्षे रंगकाम करू नये. आणि ‘नक्की सांगता येत नाही’ हे लिहिण्याची तयारी हवी. समाधानकारक नसलेली स्लाइड असमाधानकारक आहे असे स्पष्ट लिहिणारा तंत्रज्ञ रुग्णाला पुन्हा बोलावण्याचा त्रास देतो आणि त्याचा जीव वाचवतो.

प्रवेश घेण्याआधी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी संस्थेत जाऊन थोडेच विचारावे. अभ्यासक्रमाला विद्यापीठाची किंवा परिषदेची मान्यता कोणती, ती कागदावर पाहावी. रोजचे सुईचे रुग्ण कोणत्या रुग्णालयात येतात आणि विद्यार्थ्याला तिथे उभे राहता येते का, हे विचारावे. शिकवण्यासाठी जपून ठेवलेल्या जुन्या स्लाइडचा संग्रह दाखवायला सांगावा. आणि एका विद्यार्थ्याने वर्षभरात स्वतः किती स्लाइड पाहिल्या, त्याची नोंदवही मागावी. या शेवटच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळाले नाही, तर तिथे फी भरू नये.